ओल्या पावलांचं चित्र आणि नरसय्या मास्तरांची जीभ

"हसतायत! दत्तू, लोक हसतायत तिकडं!"

आमच्या थेटराचे मालक आप्पासाहेब केबिनच्या लोखंडी शिडीवर अर्ध्यात उभे राहून ओरडत होते. त्यांचा देह असा, की ते शिडी चढायला लागले की पडद्यावरचं चित्र वीतभर खाली सरकायचं. माझा हात मशीनच्या हँडलवर. मान वळवायची सोय नाही.

"हसतायत तर बरंच की, आप्पासाहेब."

"अरे, भुताचं चित्र हाय ते."

गोष्ट मुक्या चित्रांच्या शेवटच्या वर्षांतली. सोलापुरात आमचं पत्र्याचं थेटर, आणि मी तिथं ऑपरेटर. ऑपरेटर म्हणजे चित्राची रिळं मशीनवर चढवून हातानं हँडल फिरवणारा. दिसायला दळणाचं काम, पण दळताना हात थांबला तरी पीठ पेटत नाही. आमची फिल्म पेटायची. मागं कार्बनच्या कांड्यांचा दिवा सूर्यासारखा जळतोय आणि फिल्म क्षणभर जरी त्याच्यापुढं थांबली तरी भुर्रकन गेली म्हणून समजा. त्यामुळं केबिनला जाड भिंती, लोखंडी दार आणि पडद्याकडं बघायला एक खिडकी, तिलाही काच. उन्हाळ्यात आत इतकं तापायचं, की मी सकाळी शिजवायला घेतलेला भात केबिनमध्ये ठेवून द्यायचो, विस्तवाची गरज पडायची नाही. पहिल्या खेळालाच तयार.

चित्र मुकं असलं तरी थेटर मुकं नसायचं. पडद्याखाली तबला-पेटीवाले बसायचे. पडद्यावर मधूनमधून इंग्रजीत पाट्या यायच्या, आणि त्या वाचणार कोण? म्हणून पडद्याशेजारी हातात काठी घेऊन एक सांगणारा उभा असायचा. आमचे सांगणारे नरसय्या मास्तर. जातीचे विणकर, घरी माग, पण जीभ मागापेक्षा जोरात चालायची. सोलापूरचं पब्लिक म्हणजे चार भाषांचं. मिलचे कामगार, तेलुगू विणकर, अक्कलकोटकडचे कानडी लोक, बेगमपेठेतले दखनी बोलणारे. मास्तर कुणालाच नाराज करायचे नाहीत. एक वाक्य मराठीत, तेच तेलुगूत, तेच कानडीत, तेच दखनीत. नायक घोड्यावर बसला हे चारदा सांगून होईपर्यंत पडद्यावर त्याचं लग्न झालेलं असायचं.

आता ते चित्र. परदेशातलं. एका बाईचा नवरा समुद्रात बुडालेला. बाई एकटी घरात. रोज सकाळी अंगणात ओली पावलं उमटलेली दिसतात, आणि रोज ती दाराच्या एक पाऊल जवळ आलेली असतात. बस्स. शेवटी पावलं उंबऱ्याला लागतात, दाराची मूठ हळूहळू फिरते, आणि मग चित्र आपल्याला दार दाखवतच नाही. दाखवतं ते बाईचं तोंड. ती उघडलेल्या दाराकडं बघतेय आणि आपण तिच्याकडं. पुष्कळ वेळ. ज्या कुणी हे चित्र बनवलं, त्याला मी आजही इथून हात जोडतो. भूत उभं करायला खर्च येतो. या माणसानं ते एका दाराच्या मुठीवर भागवलं.

आणि तिकडं लोक हसत होते.

"उद्या बाजारचा दिवस," आप्पासाहेब धापा टाकत म्हणाले. "गावागावाचं मानूस येतंय. उद्याबी हसले तर चित्र परत, आन् मास्तर मागावर परत. मुंबईत बोलणारी चित्रं आलीत म्हणं. तवा मास्तरला घालवायचंच हाय, आत्ताच घालवतो."

"आप्पासाहेब, चित्रात खोट नाही. जरा आत येऊन बघा."

ते आत आले तेव्हा केबिनमध्ये आम्ही दोघं आणि उरलेली हवा, अशी दाटी झाली. शेवटचं रीळ चालू होतं. मशीनच्या खडखडाटात खालचं काही ऐकू येत नव्हतं. पावलं उंबऱ्याला लागली. मूठ फिरली. बाईचं तोंड आलं. आप्पासाहेबांनी माझा खांदा असा धरला की पाचही बोटं कित्येक महिने तिथं होती. न्हावी विचारायचा, हे गोंदवून घेतलंय का.

"दारामागं काय हाय रे?"

"माहीत नाही. दाखवतच नाहीत."

"मग मला भ्या कशाचं वाटलं?"

मी खिडकीची काच सरकवली. खालून मास्तरांचा आवाज आला: "आलं भूत! दय्यम वच्चिंदि! देव्वा बंतु! भूत आया रे!" आणि मागोमाग हशा. पुढच्या बाकावर मिलमधला सिद्राम जॉबर, म्हणजे मागांच्या एका ओळीवरचा मुकादम, साथीदारांसकट हसून लोळत होता. बरोबरच आहे. जो पाहुणा येणार म्हणून चार भाषांत दवंडी पिटली, तो आल्यावर दचकणार कोण?

मी आत कोंडलेला होतो म्हणून मला ते चित्र त्याच्या स्वतःच्या शांततेत दिसलं. तेवढाच काय तो माझा शहाणपणा.

शेवटच्या रिळाला गप्प राहा, हे मास्तरांना सांगायचं काम अर्थात माझ्यावर आलं. ते पान लावत बसले होते.

"म्हंजे ऑपरेटर मला बोलायला शिकवनार," ते म्हणाले. "उद्या तबलजीला मशीनवर बसवा आन् तुमी दारावर तिकिटं फाडा."

"मास्तर, हे चित्र तुम्ही समोरून बघितलंय का?"

"रोज तीनदा हुबा असतो तितं."

"पडद्याच्या कडेला उभे असता, लोकांकडं तोंड करून. तिथून दिसतं तरी काय?"

मास्तरांनी पान तोंडात टाकायचं ते हातातच ठेवलं. कडेनं बघितलं की पडद्यावरची माणसं उसाच्या कांड्यांसारखी दिसतात. इतकी वर्षं हा माणूस उसाच्या कांड्यांवर बोलत होता, आणि तरी हॉल डोक्यावर घ्यायचा. ही काय साधी कला झाली?

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या थेटरात मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि शेवटचं रीळ लावलं. रीळ संपलं तरी मास्तर उठेनात.

"परत लावा."

परत लावलं.

"आनि एकदा."

आणि एकदा लावलं. मग ते उठले, माठातलं पाणी प्याले आणि केबिनच्या खालून मला हाक मारली.

"दत्तोबा, मी गप बसलो तर आप्पासाहेब म्हनतील, गप बसायला नरसय्या कशाला पायजे? खांब हुबा करतो की."

 खरं होतं ते. बोलले तर लोक हसणार आणि नोकरी जाणार; नाही बोलले तरी नोकरी जाणारच.

दुपारच्या खेळाला थेटर ओतून भरलं. मी खिडकीची काच उघडीच ठेवली. होटगीकडची माणसं गाडीनं आलेली, बाजाराच्या पिशव्या मांडीवर. सिद्राम जॉबर काल हसायचं राहिलेलं हसायला पुन्हा हजर. मास्तर उभे राहिले आणि रोजच्या दुप्पट आवाजात सुरू झाले. मी कपाळाला हात लावला असता, पण हात हँडलवर होता. समुद्र म्हणजे काय हे सांगायला त्यांनी हिप्परग्याचा तलाव हजार वेळा ओतला. बाईचं नाव त्यांनी चित्र आल्याबरोबर रत्नाबाई करून टाकलेलंच होतं. त्या दिवशी तिला एक खाष्ट नणंदही दिली, जी चित्रात कुठंच नव्हती. लोक खूश. हशा, शिट्ट्या, शेंगांची टरफलं.

शेवटचं रीळ आलं. पावलं उंबऱ्याला लागली.

"रत्नाबाई म्हनली, कोन हाय? एवरु? यारु? कौन है?" मास्तरांचा आवाज टिपेला गेला. "मूठ फिरली, दार उघडलं, आन् दारामागं..."

आणि ते थांबले.

काठी खाली आली. त्यांनी लोकांकडं पाठ केली आणि पडद्याकडं बघत उभे राहिले. तबला-पेटीवाले त्यांच्या तोंडाकडं बघून वाजवायचे. तोंडच फिरल्यावर त्यांचेही हात थांबले. चार भाषांचा माणूस एकाही भाषेत बोलेना. लोकांना वाटलं, याला काहीतरी दिसलंय. मी हँडलचा वेग जेवढा कमी करायची छाती होती तेवढा केला, फिल्मचा वास यायला लागेपर्यंत. बाईचं तोंड पडद्यावर राहिलं, राहिलं, राहिलं. पुढची बाकं मागं सरकत सरकत मागच्या बाकांत जाऊन बसली. चावलेल्या शेंगा तोंडात तशाच राहिल्या. पत्रा तापून पापड भाजावेत अशा त्या दुपारी माणसांनी उपरणी अंगावर ओढून घेतली. मग कुठंतरी एक बाई हुंदका देऊन रडली, आणि दिवे लागले.

चित्र परत गेलं नाही. मास्तरही मागावर गेले नाहीत. "खांब हुबा केला असता तर तो असा थांबला नसता," असं, मास्तरांचं ते खांबाचं बोलणं मी सांगितल्यावर, आप्पासाहेब स्वतःच म्हणाले. नुसती शांतता कुणाला कळत नाही. बोलणारा माणूस मधेच गप्प झाला की कळते. मास्तर त्यानंतर प्रत्येक खेळाला त्याच शब्दावर थांबायचे, आणि परत आलेले लोकसुद्धा त्याच शब्दावर गार पडायचे. पुढं काय होणार हे ठाऊक असूनही.

नंतर बोलकी भुतं आली. ओरडणारी, दात दाखवणारी. मी सगळी चालवली. पोरं भ्यायची, पण मोठी माणसं एकदा दचकून पुन्हा शेंगा सोलायला लागायची. ओल्या पावलांच्या चित्राचं उलटं होतं. पोरं विचारायची, "दारामागं काय होतं?" आणि मोठी माणसं त्यांना गप्प करायची. पोरांकडं दारामागं ठेवायला अजून फारसं काही नसतं. मोठ्यांकडं असतं. चित्र बनवणाऱ्यानं फक्त दार दिलं होतं, भूत ज्यानं त्यानं घरून आणायचं होतं. भीतीच्या धंद्यात मला कळलेलं शास्त्र ते एवढंच.

त्या बाजारच्या दिवशी खेळ सुटल्यावर आप्पासाहेब दाराशी उभे होते, मिशीला पीळ देत. सिद्राम जॉबर सगळ्यांच्या शेवटी बाहेर आला, आणि उन्हात उभा राहिला.

"काय जॉबर, काल लई हसत हुता," आप्पासाहेब म्हणाले. "आज काय झालं? दारामागं कुनी दिसलं का काय?"

"दिसलं न्हाय," सिद्राम म्हणाला. "पर आमचा थोरला पोरगा हुता. हिरीत बुडून गेल्याला."