टॉर्चची वायर

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या घरातले नाही — एवढंच.

आमच्या सापगावच्या घरात कॉम्प्युटरमधलं सगळं मला कळतं असा एक समज आहे. शहापूरला एका ऑफिसात मी कॉम्प्युटरवर बसतो, त्यामुळे कुणाचा प्रिंटर अडला, कुणाचा ओटीपी आला नाही, की माझ्या नावाने हाका. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, पगारातून थोडं थोडं टाकत क्रिप्टो घेतलं होतं. ते विकायचं तर पेनड्राइव्हएवढं एक यंत्र लॅपटॉपला जोडावं लागायचं. हार्डवेअर वॉलेट म्हणतात त्याला. नव्या घराच्या स्लॅबची सगळी भिस्त त्यावर. यंत्र आणि त्याची वायर एका डब्यात, डबा कपाटात, आणि कपाटाची चावी वहिनीच्या बांगडीतल्या सेफ्टी पिनेला. डब्याला कुणी हात लावायचा नाही, अशी दादाची ताकीद होती.

मी लावला.

आटगावला मित्राची हळद होती. मोबाईलमधली गाणी लॅपटॉपवर घ्यायची होती, आणि आमच्या घरातल्या वायरी सगळ्या नुसत्या चार्जिंगच्या — कुठली टॉर्चबरोबर आलेली, कुठली डास मारायच्या रॅकेटबरोबर. त्यांतून वीज जाते, बाकी काही जात नाही. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर मला डब्यातली वायर हवी होती. मी वहिनीच्या मागे लागलो. ती नको नको म्हणत राहिली, आणि शेवटी तिने पिनेतून चावी काढली.

"ह्यांना कळू देऊ नका, भावजी. आन् उद्या जागेवर ठेवा."

वहिनी धसईची. ती लग्न होऊन आली तेव्हा मी बारावीत होतो. माझा विषय राहिल्याचं दादाला तिनेच सांभाळून सांगितलं होतं. घरात माझी बाजू घेणारं ते एकच माणूस.

वायर मांडवात हरवली. मी टॉर्चची वायर तशीच गुंडाळून डब्यात ठेवली. नवी आणू, म्हटलं. आणली का? नाही. विसरलो — की विसरलो असं म्हणायची सवय लागलीय?

स्लॅबसाठी फळ्यांचं सेंट्रिंग बांधून झालं आणि दादाने यंत्र काढलं. जोडलं. स्क्रीन उजळली, पण लॅपटॉप काही त्याला ओळखेना. "दिवा लागतोय म्हणजे वायर चांगली हाय," दादा म्हणाला. आमच्याकडे वायरीची परीक्षा हीच. मग त्याने मला हाक मारली.

आणि मी काय केलं? लॅपटॉप बंद करून चालू केला. वायर या भोकातून त्या भोकात घातली. यंत्र पासवर्डचा आकडा टाकून उघडलं. ॲप काढून पुन्हा टाकलं. शेजाऱ्यांचा लॅपटॉप मागून आणला. सगळं केलं — वायर तेवढी बदलली नाही. ती तर माझ्या हातातच होती. दादाचं तोंड उतरलेलं, आणि मी त्याच्यासमोर नाटक करत होतो. वहिनी चहा घेऊन आली. तिने वायर पाहिली, मग मला. आता भावजी सांगतील, असं तिला वाटलं असेल ना?

दुसऱ्या दिवशी मी शहापूरहून चांगली वायर आणली. जोडताच लॅपटॉपला यंत्र सापडलं. त्या आनंदात वायरीकडे कोण बघतो? दादाने माझ्या पाठीवर थाप मारली. मग विचारलं, "काय झालं होतं रे?"

इथे सांगता आलं असतं. मी म्हणालो, "आतून हललं असेल. कुठेतरी पडलं असेल."

कपाटाची चावी कुणाकडे असते, हे मला ठाऊक नव्हतं का?

दादा वहिनीकडे बघायला लागला. "मी नाय पाडलं," ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "भावजी, तुमी सांगा ना."

एका वाक्यात ती मला उघडं पाडू शकली असती. तिने ते माझ्यावर सोडलं. अजून भरवसा होता तिचा — बघा, अजूनही. मी वायर गुंडाळत बसलो. म्हणालो, "होतं कधी कधी, वहिनी. साफसफाई करताना धक्का लागतो."

मी तिचा घात केला. दुसरा शब्द नाही त्याला.

दादाने हात पुढे केला. आईसमोर, सेंट्रिंगवाल्यांसमोर, वहिनीने पिनेतून चावी काढून त्याच्या हातावर ठेवली. ती रडली नाही. रडली असती तर मी बोललो असतो? नसतो बोललो.

स्लॅब टाकून झाला. घर झालं. चावी अजून दादाच्या खिशात असते. वहिनी मला जेवायला वाढते, हवं नको विचारते, पूर्वीसारखी थट्टा मात्र करत नाही. दादाला तिने अजून काही सांगितलेलं नाही.

परवा धसईला तिच्या भाच्याचं बारसं होतं. साडी कपाटात, आणि दादा कंपनीतून यायचा होता. ती केस विंचरून, घरातल्याच साडीवर, ओट्यावर बसून राहिली. मी समोरच होतो. तिने मला काही विचारलं नाही.

यंत्र पडलं नव्हतं. वायर मी बदलली होती, आणि वहिनीला ते पहिल्यापासून माहीत आहे.