निवडलेली माती

हैदराबादला माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली, तेव्हा घरात सगळ्यांना एकच प्रश्न पडला. मातीत तपासायचं काय असतं? नांदेडकडच्या आमच्या गावात आमची स्वतःची जमीन नव्हती, त्यामुळे मलाही ते नीट ठाऊक नव्हतं. पण रसायनशास्त्राची पदवी होती, घरातली पहिलीच. नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर का होईना, पण होती. अंबरपेठेत खोली घेतली आणि आईला फोनवर सांगितलं, "ऑफिसात एसी आहे." ती म्हणाली, "मग स्वेटर ने."

काम ऐकायला सोपं होतं. काळ्या मातीत चुना असतो, आणि त्या चुन्यात कार्बन अडकून बसलेला असतो. मुळांच्या श्वासातला वायू पाण्यात विरघळतो, ते पाणी जरासं आंबट होतं आणि वाटेतला चुना विरघळवत खाली झिरपतं. पुढे जमीन सुकली की तोच चुना खाली पुन्हा घट्ट बसतो. असा तो हजारो वर्षं पडून राहतो. पण खतांमुळे माती आंबट होत गेली तर त्यातला वायू सुटून हवेत जातो. म्हणून कुठल्या शेतात किती चुना आहे ते आम्ही मोजायचो. बंद बाटलीत मातीवर ॲसिड सोडायचं. माती फसफसते, आणि निघालेला वायू काचेच्या नळीतलं पाणी खाली ढकलतो. पाणी किती सरकलं ते वाचायचं.

नळी वाचायचे चाचा. साठीला टेकलेले, गौलीगुड्याहून येणारे, दरवर्षी नव्याने करार होणारे आणि तरीही प्रयोगशाळा आपलीच आहे अशा थाटात वावरणारे. मी माती तयार करून द्यायचो. आमच्या तेलुगू मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "गवत, मुळ्या, दगड काढायचे आणि मग माती कुटायची."

दगड काढण्यात मला कोणी हरवू शकत नव्हतं. आई गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. एखाद्या पोराच्या दाताखाली खडा आला की मुख्याध्यापकांचं बोलावणं यायचं, म्हणून तांदूळ मीच तिच्यासोबत निवडायचो. तो हात मी मातीला लावला. ट्रेमध्ये माती पसरायची, खिडकीजवळ बसायचं आणि एकेक पांढरा खडा टिपायचा. वाटाण्याएवढे, मुगाएवढे, काही तर मोहरीएवढे. माझी माती अशी स्वच्छ दिसायची की फोटो काढून आईला पाठवावा. एकदा पाठवलाही.

चाळीस नमुने झाल्यावर मॅडमनी आकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला. "एमिटि इदि? हे काय आहे? या शेतांत तर पावलागणिक चुना आहे. तुमच्या आकड्यांत आहे कुठे?"

बाटल्या तपासल्या, रबरी बुचं बदलली, ॲसिड नवं केलं. आकडे तेच. मग मॅडम हळू आवाजात मला म्हणाल्या, "चाचांची नजर कमी झालीय बहुतेक. पुढच्या महिन्यात करार आहे, मला विचार करावा लागेल."

हे चाचांच्या कानावर गेलं असावं. आठवडाभराने त्यांनी मला नळीपाशी बोलावलं. "मियाँ, जरा देखो तो. कित्ता दिखरा?" मी आकडा सांगितला. "मेरेकू भी उत्ताच दिखरा," ते म्हणाले, पण आवाजात खात्री नव्हती.

म्हणजे नळीत चूक नव्हती. मी माझ्या टेबलाशी येऊन बसलो. खालच्या डब्यात मी टिपलेले खडे साठले होते. हात रिकामा होता म्हणून एका खड्यावर ॲसिडचा थेंब टाकला. खडा चुरचुरला, पांढऱ्या फेसाने उकळला आणि बघता बघता अर्धा झाला. जमिनीने साठवलेला चुना असा गोळ्यागोळ्यांनी बसतो, आणि मी तोच निवडून टाकला होता. ज्याच्या शेतात औत आहे अशा कोणालाही हे सांगता आलं असतं. मी मात्र पुस्तकातलं सूत्र पाठ करून आलो होतो.

माझे सहा महिने त्याच आठवड्यात संपत होते. खरं सांगतो, जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडलाच नाही. मग खड्यांचा डबा उचलला आणि मॅडमच्या टेबलावर ठेवला. "मॅडम, चाचांचं काही चुकलं नाही. चुना इथे आहे."

त्यांनी डब्यात पाहिलं, मग माझ्याकडे. "चाळीसच्या चाळीस?"

"हो."

"इतके बारीकसुद्धा?"

"हो मॅडम."

त्यांना हसू आलं होतं की राग, ते मला कळलं नाही. "हे मला नको सांगू. नळीपाशी जा आणि तिथे सांग."

मी जाऊन सांगितलं. चाचांनी ऐकलं आणि ते भडकलेच. "आठ दिन से घरवाली मेरेकू गाजराँ खिलारी! मलकपेठके दवाखाने में आँखाँ दिखाने का नंबर लगा ली! और तुम हियाँ बैठके मिट्टी में से कंकराँ चुनरे? बिर्यानी के चावलाँ समझे क्या?"

"चुकलो चाचा."

"हौ, वो तो दिखराच."

प्रत्येक नमुन्याची निम्मी माती कोठीत राखून ठेवलेली असते, म्हणून निभावलं. मॅडमनी माझी मुदत तीन महिने वाढवली आणि चाळीसही नमुने पुन्हा करायला लावले. या वेळी चुन्याचे खडे मातीबरोबरच खलबत्त्यात गेले. कुटताना हात शिवशिवायचा, पण मी आवरला.

पहिली बाटली लावली तेव्हा मॅडम येऊन मागे उभ्या राहिल्या. ॲसिड सोडलं, माती फसफसली आणि नळीतलं पाणी भराभर उतरत गेलं, आधीच्या खुणेच्या कितीतरी खाली. चाचांनी चष्मा वर सरकवला, डोळा नळीच्या पातळीला आणला आणि आकडा मोठ्याने वाचला. मीही आकडा पडताळायला वाकलो.

"वाकू नकोस," मॅडम म्हणाल्या. "ते म्हणतात तसं लिही."