राणी काही खात नाही

हसायचं तर हसा, पण आधी कप खाली ठेवा. माझ्या वेडेपणाची ही गोष्ट आमच्या गुरुग्रामच्या सोसायटीत लिफ्टमध्येसुद्धा सांगितली जाते, मग तुमच्यापासून काय लपवायची?

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून वैशाली, म्हणजे आमची ही, पुण्याला गेली. मी ऑफिसातून मेट्रोत उभ्याने यायचो आणि घरी कुकरशी बोलायचो. शेवटी कंटाळून करोल बागेतून पिंजऱ्यासकट एक बजरीगर, म्हणजे छोट्या जातीची पोपटीण, आणली. चिमणीएवढी, निळी. नाव ठेवलं राणी.

राणी अतिशय बुजरी. मला पाहिलं की कोपऱ्यात तोंड फिरवून बसायची. दुकानदाराने बजावलं होतं, रोज जवळ बसा, प्रेमाने बोला, घाई करू नका. तेव्हा रोज संध्याकाळी, बूटसुद्धा न काढता, मी बाल्कनीत तिच्यासमोर बसायचो. दिल्लीचं पाखरू, त्याला मराठी कुठून कळणार? म्हणून हिंदीत.

"रानी, कब तक रूठोगी? थोडा तो खा लो. मैं हाथ नहीं लगाऊंगा."

पलीकडची बाल्कनी भाटिया आंटींची. मधल्या पत्र्यामुळे त्यांना पिंजरा दिसत नव्हता, फक्त मी ऐकू येत होतो. हे माझ्या लक्षातच आलं नाही. ऑफिसातून आल्यावर कुणाच्या काय लक्षात येतं?

एकदा आंटी दारात उभ्या. हातात झाकलेलं ताट.

"बेटा, वो कुछ खाती है?"

मला भरून आलं. शेजार असावा तर असा. म्हटलं, "बस बाजरा, आंटी. वो भी मैं हट जाऊं तब."

"सिर्फ बाजरा?"

"ककडी दी थी. फेंक दी."

"बाहर नहीं निकालते उसको?"

"अभी नहीं. निकल गई तो? पहले भरोसा हो जाए."

"और रात को?"

"ऊपर कपडा डाल देता हूं. चुप हो जाती है."

आंटी ताट घेऊन तशाच मागे फिरल्या. मला वाटलं, गॅस चालू राहिला असेल.

थोड्या वेळात पुन्हा बेल. या वेळी सोबत सोसायटीचे सेक्रेटरी आणि गेटवरचे दोन गार्ड. सेक्रेटरींनी विचारलं, मॅडम कुठे आहेत? पुण्याला, म्हटलं. लावा फोन, म्हणाले. मी मुकाट लावला. स्पीकरवर.

आंटी फोनवर वाकल्या. "बेटी, तू ठीक है ना? ये रोज शाम को कहता है, रूठो मत, थोडा खा लो. इतने प्यार से कहता है, फिर भी तू नहीं खाती?"

पलीकडून वैशाली सावकाश म्हणाली, "प्यार से कहते हैं? फिर वो मैं नहीं हूं, आंटी. अंदर जाकर देखिए, कौन है."

आता सगळ्यांच्या नजरा बदलल्या. मी काही बोलायच्या आत गार्ड बाल्कनीत, त्यांच्यामागे सेक्रेटरी, आंटी, आणि फोन धरून मी. राणीने सगळ्यांकडे नीट पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"कौन है?" फोनमधून आवाज आला.

"चिडिया है, बेटी," आंटी म्हणाल्या. "पीठ करके बैठी है. इससे बात ही नहीं करती."

वैशालीने सुस्कारा सोडला आणि मराठीत विचारलं, "अहो, तीसुद्धा?"