कण भिंतीपासून पळत होते

आधीच सांगते, मी एम.एस्सी. केमिस्ट्री. नजर, उतारा, अंगात येणं... आमच्या इतवाऱ्यातल्या घरात हे सगळं चालतं, आणि मी त्यावर हसणारी. ज्याचं माप घेता येत नाही ते नाहीच, असं मी आईला ठणकावून सांगायचे. तरी आज हे लिहितेय, कारण मनात ठेवणं आता जमत नाही.

तापीपलीकडे, जैनाबादच्या पुढे एका छोट्या औषध कंपनीची लॅब होती. तिथे मी कॅन्सरच्या इंजेक्शनमधले नॅनो कण तपासायचे. साध्या मायक्रोस्कोपखालीही न दिसणारे कण. त्यांच्यावर लेझर टाकला की स्क्रीनवर पांढरे ठिपके थरथरताना दिसतात — कुठेही, कसेही. त्या थरथरीवरूनच कणाचा आकार काढतात.

त्या दुपारी ठिपके थरथरत नव्हते. पळत होते. सगळेच्या सगळे, उजवीकडून डावीकडे.

उजवीकडे भिंत होती. तिच्यापलीकडे सेंट्रिफ्यूजची खोली — औषध प्रचंड वेगाने गरगर फिरवून कण वेगळे करणारं मशीन.

मी सॅम्पल बदललं. तेच. मग अख्खं यंत्रच टेबलावर उलटं फिरवलं. आता ठिपके डावीकडून उजवीकडे... म्हणजे परत भिंतीपासून लांबच!

"दिनेश, इकडे ये जरा. तुझ्या सेंट्रिफ्यूजचं कंपन येतंय."

दिनेश माझा सहकारी. उंचापुरा, माझ्या दुप्पट वजनाचा. त्याने वाकून स्क्रीन बघितली.

"अरे यार... पण मी तर मशीन अजून चालूच नाही केली."

दोघांनी मान हलवली आणि कामाला लागलो. बॅच त्याच दिवशी द्यायची होती. त्याने मशीन सुरू केलं आणि परत माझ्या खोलीत आला. ठिपके आता स्क्रीनवर टिकतच नव्हते, नुसत्या रेघा उठत होत्या.

तेवढ्यात पलीकडून घरघर ऐकू आली.

"आवाज काहीतरी वेगळा येतोय," दिनेश म्हणाला. "बंद करून येतो."

बरोबरच होतं ते. कुणीही तेच केलं असतं. पण मी उठले आणि मागून त्याची कॉलर धरली.

"वैशाली, क्या कर रही है? सोड!"

त्याने मला जोरात ढकललं. माझी पाठ कपाटावर आपटली, काचा अंगावर फुटल्या. मी परत उठले. त्याचे केस मुठीत धरले आणि त्याचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा नाही... दोनदा. भुवई उकलली, रक्त त्याच्या डोळ्यांत गेलं. तो ओरडत होता, मला लाथा मारत होता. मी आयुष्यात कुणाला साधी थप्पड मारलेली नाही.

आणि भिंत फुटली.

सेंट्रिफ्यूजमधल्या फिरत्या चाकाचे, रोटरचे, तुकडे विटा फोडून आमच्या वाकलेल्या डोक्यांवरून गेले. छत खाली आलं. सेंट्रिफ्यूजच्या खोलीचं दार लॅबबाहेर, पार केळीच्या बागेत सापडलं.

रोटरला बारीक तडा गेला होता, असं चौकशीत निघालं. तेवढं समजलं. पण पोलीस मला एकच विचारत राहिले — "मॅडम, हे होणार हे तुम्हाला आधीच कसं ठाऊक?" घातपाताचा संशय माझ्यावर आला. मी म्हटलं, कंप्युटरमधलं रेकॉर्डिंग बघा. सगळ्यांसमोर लावलं. ठिपके नेहमीसारखे थरथरत होते, जागच्या जागी. दिनेशने जबाब दिला, "पळत होते साहेब, मी पण पाहिलं." म्हणून सुटले.

बरं वाटल्यावर त्याला भेटायला लालबागला, त्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोने, ममताने, माझे हात धरले. "ताई, तुम्ही ह्यांचं डोकं फोडलं म्हणून डोकं राहिलं."

ती चहा करायला आत गेली तसा दिनेश हळूच म्हणाला, "तुला तर मी कधीच झटकून दिलं असतं. पण माझे पाय कुणी धरले होते?"

त्याने पायजमा वर केला. दोन्ही घोट्यांभोवती काळेनिळे वळ होते... बोटांचे.

मी त्याच्या पायांना हातही लावला नव्हता. खोलीत आम्ही दोघंच होतो. याच्या पुढे मला खरंच काही सांगता येत नाही.