मातीचा अंगठा

सकाळी शेषरावचा फोन आला तेव्हा वाटलं, कुठल्यातरी सामन्याचं आमंत्रण असणार. "विजू, पिंपळगावचा गजानन गेला बे... झटका आला," एवढंच तो बोलला. मी शाळेत शिकवायला निघालो होतो, पायात एकच बूट चढला होता. दुसरा घालायचं भानच राहिलं नाही...

पिंपळगाव राजा या गावचा गजानन भाजीपाला पिकवायचा, पण जीव सगळा कबड्डीत. स्वतः कधी धड खेळला नाही. शहरातली पोरं क्रिकेटपटूंच्या सहीची छापील कार्डं जमवतात, हे त्यानं कुठंतरी पाहिलं. आपल्या गावोगावच्या कबड्डीपटूंची कार्डं कोण छापणार? म्हणून हा ती घरीच करायचा. उरलेल्या गुळगुळीत लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे चौकोन कापायचे, त्यावर खेळाडूचं नाव-गाव लिहायचं, फोटो सवडीनं चिकटवायचा. सही मात्र सामना संपल्या संपल्या, आणि सहीशेजारी मैदानाच्या मातीनं माखलेला अंगठा. हात धुतलेला खेळाडू त्याला चालत नसे.

आमची ओळख अशीच झाली. बीबी गावच्या स्पर्धेत शेवटच्या चढाईत माझी पकड झाली आणि आमचा साखरखेर्ड्याचा संघ हरला. मी तोंड लपवून बसलो होतो, तर हा अनोळखी माणूस कार्ड घेऊन पुढ्यात.

"सही दे."

"हारलो ना मी! जितला त्याले माग."

"त्याची घेतली. पण तू जेवढी माती खाल्ली, तेवढी त्यानं नाही खाल्ली बे."

मला हसू फुटलं. मला पकडणारा गडी म्हणजे बीबीचा शेषराव. गजाननानं त्यालाही ओढत आणलं आणि आम्हाला एकाच रसवंतीच्या बाकावर बसवलं. त्या दिवशी मी खेळ सोडणार होतो, तो सोडला नाही. पुढं किती प्रतिस्पर्ध्यांना त्यानं असं एकमेकांच्या घरी जेवायला नेलं असेल!

तेरवीला आम्ही सगळे जुने खेळाडू जमलो. गजाननाच्या बायकोनं, मंगलावहिनींनी, कार्डांचा डबा आणून उघडला आणि त्या एकेक कार्ड उलटंपालटं करून पाहू लागल्या. कार्डं लख्ख! पाहुणे येणार म्हणून घर आवरताना त्यांच्या बहिणीनं एकेक कार्ड ओल्या फडक्यानं पुसलं होतं. बॉलपेनच्या सह्या तेवढ्या राहिल्या, अंगठे गेले.

"यायनं मले कधी डब्याले फडकं लावू देलं नाही, भाऊजी... अन् आता पहा," वहिनी रडायलाच लागल्या. कोणी म्हणालं, अंगणातली माती घेऊ, पुन्हा अंगठे उठवू. शेषराव भडकला. "काऊन बे? खेळल्याबिगर अंगठा त्याले चालला असता काय?"

त्याचं बरोबर होतं. पुढच्या रविवारी गजाननाच्या वांगी काढून रिकाम्या झालेल्या वावरात आम्ही मैदान आखलं. कोणाचं पोट सुटलेलं, कोणाच्या गुडघ्याला पट्टा. माझा दम मध्यरेषेवरच संपत आला, तरी गेलो. शेषरावनं नेमका पाय धरला आणि आम्ही दोघं ढेकळांत लोळलो. कितीतरी दिवसांनी मी असा पोट धरून हसलो, आणि हसता हसताच गजाननाची फार आठवण आली.

खेळ संपल्यावर सवयीनं सगळे हात धुवायला पाण्याच्या नळीकडे वळलो, तर वाटेत वहिनी डबा घेऊन आडव्या उभ्या. डोळे ओले, तोंडावर हसू.

"खबरदार कोणी हात धुतले तर! आधी अंगठा, मंग च्या."