दाराआडून वाचलेली वादळं

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथी झाली अन् शाळा सुटली. कुणाच्या हाती हे लागलंच तर चुकांसाठी माफ करावं.

दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरची गोष्ट. आम्ही दहिवलीला राहत होतो. बैल मेले तेव्हा यांनी मुंबईच्या मुकादमाकडून उचल घेतली आणि बोटीच्या भट्टीत कोळसा टाकायच्या कामाला लागले. उचल फिटल्याशिवाय सुटका नव्हती.

मामंजी कर्जत स्टेशनावर दूध घालून येताना शिळा पेपर आणत. ते ओटीवर बसत, मी दाराआडून वाचत असे. सासऱ्यांपुढे बोलायची रीत नव्हती, पण घरात वाचता येणारी मी एकटीच. त्या वर्षी पेपर उघडावा तर वादळ. जपानात घरं वाहून गेली, अमेरिकेत झाडं मुळासकट पडली. बोट बुडाल्याचं आलं की माझं वाचणं अडायचं.

“थांबलीस का गं? पोराच्या वाटेवर हाय का ते?”

“लांब हाय, मामंजी.”

“मागल्या खेपेला बी लांबच व्हतं. तुझी दुनिया हाय तरी केवढी?”

शाळेतल्या नकाशात निळा भाग फार मोठा होता, एवढंच मला आठवे. भाकरी थापताना तो डोळ्यांपुढे हलत राही.

दिवाळीनंतर भात कापून शेतात वाळत पडलं होतं. ते विकून उरलेली उचल फेडायची होती. तेवढ्यात वादळ आमच्याकडेच आलं. कौलं उडाली, निम्मं भात नदीत गेलं, उरलेलं चिंब भिजलं. मी चिखलातच बसले.

“रडायला मागनं बस,” सासूबाई म्हणाल्या. “मोड यायच्या आत उकडा करू.”

भात झोडलं, हंड्यात उकडलं, चुलीभोवती पसरून वाळवलं. धुरानं डोळे सुजले.

मग यांचं कार्ड आलं. मुंबईकडे वादळ झाल्याचं बोटीवर कळलं, तुम्ही सगळे आहात ना, झोप लागत नाही.

“आमी त्याच्या काळजीत, अन् त्यो आमच्या!” मामंजी हसले. हसत हसत गोठ्यात गेले ते बराच वेळ आले नाहीत.

उकडा तांदूळ शिळफाट्याच्या बाजारात विकला. पैसे कमी पडले म्हणून एक म्हैस विकली. मामंजी पैसे घेऊन मुंबईला मुकादमाकडे गेले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले. पाय धुवायलाही थांबले नाहीत.

“सगळे दिले गं. देण्याचा एक पैसा ऱ्हायला नाय. पोरगा सुटला.”