दाराला खिळा न ठोकू देणारा म्हातारा

एकोणीसशे सत्तरच्या सुमारास सदर नावाच्या वस्तीतल्या एका बंद पडलेल्या चर्चमध्ये चित्रप्रदर्शनं भरू लागली. तिकीट एक रुपया. म्हणजे गिरणीतल्या माणसाने चित्रं बघूच नयेत! मी चिडून तिकिटाविरुद्ध पत्रकं छापली आणि एक दारावर ठोकायला हातोडी घेऊन गेलो.

आत एक म्हातारा चित्रं टांगत होता. तुळईला तार बांधून चित्र खाली सोडायचा, मग दोन पावलं मागे सरून मान तिरपी करायचा. भिंतीत एकही खिळा नव्हता. मी हातोडी उगारताच त्याने धावत येऊन माझं मनगट धरलं.

"काहून ठोकून राहिला गा?"

"इथे आता देव कुठे राहतो?" मी फणकारलो.

"देव गेला असंन. या दाराले वीस वर्षं तेल पाजणारा मी तं इथंच हावो."

मग त्याने मला पत्रक मोठ्याने वाचायला लावलं. "बराबर लिवलं," म्हणाला, आणि खळ लावून ते स्वतःच्या सायकलच्या चेनकव्हरवर चिकटवलं.

"आयोजक बघतील, काम जाईल तुमचं," मीच घाबरलो.

"पाहू दे ना बाप्पा!"

पत्रकाची बाजू रस्त्याकडे करून सायकल त्याने फाटकात आडवी लावली आणि तो पुन्हा शिडीवर चढला.